चाकांवरचं छप्पर आणि वऱ्हाडची काळी माती

वऱ्हाडात छपराखालची शेती पॉलिहाऊससोबत आली असं अनेकांना वाटतं. अंजनगाव सुर्जी आणि अकोट या पट्ट्यातले पानमळे ज्यांनी आतून पाहिले आहेत, त्यांना हे पटणार नाही. बारी समाजानं पिढ्यानपिढ्या राखलेल्या या मळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडं दाट लावायची, त्यांच्यावर नागवेल चढवायची, वाऱ्याच्या बाजूनं कूड उभा करायचा आणि उन्हाच्या कडाक्याप्रमाणे फांद्या राखायच्या किंवा छाटायच्या, अशी रीत होती. त्याच सावलीत पानपिंपरीही वाढली. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना आत कोवळं पान टिकत होतं. सावली किती हवी आणि कधी हवी, हे त्या बारी शेतकऱ्याच्या हातात होतं. माझ्या मते आज सर्वात मोलाचं आहे ते हेच. आपल्या भागात छप्पर हवं, पण वेळेवर दूर होणारं हवं.

लोखंडी पायाचं, एका जागी कायमचं उभं राहणारं पॉलिहाऊस नेमकं हेच करू शकत नाही. म्हणून हा लेख सरकत्या बोगद्याविषयी आहे. पाईपच्या कमानींवर प्लास्टिक किंवा जाळी ताणलेलं, माणूस आत ताठ उभा राहून काम करू शकेल इतकं उंच आणि खालच्या चाकांवर किंवा घसरपट्ट्यांवर वावराच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नेता येणारं हे घर.

कल्पना जुनी आहे. रोमन सम्राट टायबेरियसला काकडी फार आवडायची. पहिल्या शतकातला लेखक प्लिनी सांगतो, की त्याच्या माळ्यांनी काकडीचे वाफे चाकांवर बसवले होते. ऊन असेल तेव्हा ते बाहेर काढायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली ओढून घ्यायचे. तिथे छप्पर जागेवर होतं आणि पीक फिरत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड आणि हॉलंडमधल्या भाजी पिकवणाऱ्यांनी हे उलटं केलं आणि काचेची घरंच रुळांवर ठेवली. काच महाग आणि जड होती. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमेरी मायर्स एमर्ट यांनी १९४८ मध्ये काचेऐवजी प्लास्टिकच्या कागदाचं घर उभं केलं आणि छपराखालची शेती सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. पुढे मेन राज्यातल्या हार्बरसाइड इथे एलियट कोलमन यांनी हलक्या कमानींची घरं सरकवून कडाक्याच्या हिवाळ्यातही भाजी पिकवून दाखवली आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. आज जगभर जे सरकते बोगदे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवर कोलमन यांची छाप आहे.

कोलमन यांचं शेत ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे शत्रू थंडी आहे. अमरावती आणि अकोला २१ अंशांच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची रात्र भाजीला सहसा मारत नाही. मारतं ते एप्रिल-मेचं ऊन, त्यापाठोपाठ येणारं वावधन म्हणजे वादळी वारा, मग पाना-फुलांवर सतत साचणारं पावसाचं पाणी आणि अधूनमधून फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. २०१४ च्या त्या दोन महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट संत्रा बागायतदार अजून विसरलेले नाहीत. म्हणजे बाहेरचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. कोलमन यांनी छप्पर सरकवलं उबेसाठी. आपल्याला ते सरकवायचं आहे मुख्यतः मातीसाठी.

हा मातीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा.

प्लास्टिकच्या कायमच्या छताखाली पाऊस कधीच पडत नाही. पिकाला जे पाणी मिळतं ते विहिरीचं किंवा बोअरचं, तेही ठिबकनं, मोजून. त्या पाण्यातले क्षार मुळांशी येतात. पाणी झाडातून आणि मातीतून उडून जातं, क्षार मागे राहतात. विद्राव्य खतांचे उरलेले क्षार त्यात मिसळतात. उघड्या वावरात दर पावसाळ्यात हा साठा बऱ्याच अंशी खाली धुऊन जातो. छताखाली तो तसाच थरावर थर चढत राहतो.

हिशेब करून पाहू. पाण्याची विद्युतवाहकता २ डेसिसायमन प्रति मीटर असेल, तर एका लिटरमध्ये ढोबळमानानं सव्वा ग्रॅमहून थोडे जास्त क्षार असतात. १०० दिवसांच्या पिकाला रोज दर चौरस मीटरला ४ लिटर पाणी दिलं, तर एकूण ४०० लिटर झालं. म्हणजे एका हंगामात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अर्धा किलो क्षार आले. १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये हाच आकडा अर्ध्या टनावर जातो. हे एका पिकाचं झालं. वर्षाला दोन पिकं आणि अशी चार वर्षं धरली, की पहिल्या दोन वर्षांत भरघोस आलेली ढोबळी मिरची नंतर का रुसते, याचं एक मोठं कारण कळतं. दुसरं कारण म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी. एकाच जागी टोमॅटो, मिरची, काकडी फिरत राहिली, की त्यांना आयतं घर मिळतं.

आता खारपाणपट्ट्याकडे पाहा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात भातकुली, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर अशा तालुक्यांतून हा पट्टा पसरला आहे. जमीन दिसायला अस्सल काळी, पण खालचं पाणी खारट. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला, तेव्हा अकोला, अमरावती, बुलढाणा आणि जळगाव या जिल्ह्यांतली पूर्णेच्या खोऱ्यातली ९३२ खारपाणाची गावं त्यात घेतली गेली. या गावांत बोअरच्या पाण्यावर कायमचं प्लास्टिक घर चालवणं म्हणजे मातीला दर हंगामात मीठ चारणं आहे. इथे पाणी शेततळ्याचंच हवं. आणि छप्पर असं हवं, की मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस मातीवर पडू शकेल. एक खुलासा इथेच करायला हवा. खारपाणाच्या बऱ्याच जमिनीत सोडियम जास्त असतो. मातीचे कण फुटून छिद्रं बुजतात आणि नुसता पाऊस आत उतरतच नाही. तिथे माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे जिप्सम देऊन, पाण्याला बाहेर जायला चर काढून, मगच पावसाच्या धुण्याचा उपयोग होतो. छप्पर सरकवलं आणि सगळं आपोआप झालं, असं नाही.

छत सरकवण्याचा हिशेब मी असा मांडतो. एका ओळीत तीन तुकडे, प्रत्येक एक गुंठ्याचा. बोगदा एकच, २० फूट रुंद आणि ५५ फूट लांब, म्हणजे जवळपास नेमका एक गुंठा.

एप्रिल ते जूनच्या अखेरीपर्यंत बोगदा पहिल्या तुकड्यावर. वर फक्त ५० टक्के सावलीची जाळी, प्लास्टिक अजिबात नाही. मे महिन्यात वऱ्हाडात बंद प्लास्टिकखाली भाजी ठेवणं म्हणजे ती शिजवणं. जाळीखाली हवेचं तापमान फार उतरत नाही, पण पानावर पडणारं थेट ऊन अर्धं होतं आणि माती लवकर सुकत नाही. एवढ्यानंही सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक तग धरतात. उन्हाळ्यात बाजारात सांबाराची जुडी कशी हातात धरवत नाही, हे वऱ्हाडातल्या कुणालाही सांगायला नको. त्याच वेळी दुसरा तुकडा ओलवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक जमिनीला घट्ट चिकटवून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. इस्राएलमधल्या याकोव्ह काटान यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही मातीला ऊन देण्याची पद्धत. आपला मे महिना तिच्यासाठीच आहे असं म्हणावं लागेल. वरच्या थरातली रोगाची बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी यांचा मोठा भाग त्या उष्णतेनं मरतो. नुसती उन्हाळवाही करून जमीन तापत ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला ही पुढची पायरी आहे.

जूनच्या अखेरीस बोगदा या तापवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर सरकवायचा. आता वर २०० मायक्रॉनचं अतिनील किरणं सोसणारं प्लास्टिक, बाजूंना कीटकरोधक जाळी. आत टोमॅटो, काकडी किंवा रब्बीची रोपवाटिका. पान कोरडं राहिलं, की करपा आणि केवड्याची निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. इकडे पहिला तुकडा मोकळा झाला. त्यावर ताग किंवा धैंचा पेरायचा. खारवट जमिनीत धैंचा अधिक चांगला. पाऊस क्षार खाली नेतो, हिरवळीचं खत माती भुसभुशीत करतं.

दिवाळीनंतर बोगदा तिसऱ्या तुकड्यावर. डिसेंबरच्या थंड रात्रीत काकडीचं बी उगवायला फार वेळ लावतं. प्लास्टिकखाली ते लवकर उगवतं आणि बाजारात आपली काकडी इतरांच्या आधी पोहोचते. फेब्रुवारीत प्लास्टिक उतरवून पुन्हा जाळी चढवायची, कारण गारा पडल्याच तर ताणलेली जाळी त्यांचा मारा बराच मोडून काढते. एप्रिलमध्ये पुन्हा नवी फेरी सुरू होते. दरवर्षी एक घर पुढे जायचं, म्हणजे पावसाळ्यात छपराखाली राहायची पाळी प्रत्येक तुकड्यावर तीन वर्षांतून एकदाच येते. दोन पावसाळे तो उघडा असतो. या सगळ्या पद्धतीचा जीव या एका वाक्यात आहे.

आता उभारणी. इथे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे सरकत्या लोखंडी गेटचा कारागीर. अकोल्यात, अमरावतीत, तालुक्याच्या प्रत्येक गावात वेल्डिंगच्या दुकानात खाच असलेली बेअरिंगची चाकं आणि उलट्या अँगलचा रूळ मिळतो. कारखान्यांची, बंगल्यांची गेटं त्यावरच चालतात. बोगद्यालाही तेच लागतं.

दीड इंची गॅल्व्हनाइज्ड पाईपचे प्रत्येकी १६ फुटांचे दोन तुकडे वाकवून माथ्यावर जोडले, की एक अर्धगोल कमान होते, मध्यभागी १० फूट उंच. साडेपाच फुटांवर एक याप्रमाणे ११ कमानी. खाली दोन्ही बाजूंना लांबच लांब तळपाईप, त्यावर कमानी नटबोल्टनं घट्ट. माथ्यावर आणि दोन्ही खांद्यांवर आडवे पाईप. चारही कोपऱ्यांत तिरके आधार मात्र कंजूषी न करता द्या. एका जागी उभ्या घराला जमीन धरून ठेवते, सरकत्या घराला त्याचा आकार स्वतःच धरून ठेवावा लागतो. ओढताना एक बाजू हातभर पुढे गेली आणि तिरके आधार नसले, की कमानी पिळल्या जातात.

चाकं एकाआड एक कमानीखाली, एका बाजूला सहा. एका बाजूची चाकं खाचेची ठेवा आणि दुसऱ्या बाजूची सपाट, रुंद. याचं कारण आपली माती. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन रुळांतलं अंतर जूनमध्ये जेवढं होतं तेवढं मे महिन्यात राहणार नाही. दोन्हीकडे खाचेची चाकं असली तर ती अडकतील किंवा उतरतील. एकीकडे खाच दिशा धरते, दुसरीकडचं सपाट चाक पट्टीवर इंचभर इकडेतिकडे सरकून फरक पचवतं. रूळ थेट मातीवर टाकू नका. दोन फूट रुंदीचा चर खणून मुरूम भरा, ठोकून घ्या, त्यावर काँक्रीटचे सुटे ठोकळे आणि त्यांवर रूळ. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पातळी बघून ठोकळ्याखाली पत्र्याच्या चकत्या घालता आल्या पाहिजेत. पक्क्या सलग काँक्रीटच्या पट्टीला काळी माती दोन-तीन वर्षांत तडे देते.

असा सांगाडा प्लास्टिकसह पाचशे-साडेपाचशे किलो भरतो. चाकांवर त्याला ढकलायला तीन-चार माणसं पुरतात. चाकं परवडत नसतील तर तळाला लाकडी घसरपट्ट्या लावून बैलजोडीनं किंवा लहान ट्रॅक्टरनं ओढता येतं, पण दोन्ही कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोर बांधून, मधोमध एका कडीतून, हळू.

पिकाच्या बाजूनंही काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. दोन्ही टोकांच्या भिंतींचा खालचा भाग पिकाच्या उंचीइतका वर उचलता आला पाहिजे, नाहीतर उभ्या पिकावरून बोगदा जाणारच नाही. आतले आडवे ताण सात फुटांच्या वर असावेत. आणि टोमॅटोच्या, काकडीच्या दोऱ्या छताला बांधायच्या नाहीत. छप्पर जाणार आहे, पीक राहणार आहे. त्यांना स्वतःचे बांबू द्या. ठिबकची मुख्य नळी गाडून प्रत्येक तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह काढा.

इतकं सगळं जमलं तरी एका गोष्टीनं घात होऊ शकतो, तो म्हणजे वारा. चार माणसं जे हलवू शकतात, ते वावधन सहज उचलू शकतं. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो होतो. गोल छतावरून वारा वेगानं गेला, की छत वर ओढलं जातं. ती ओढ एवढीच धरली, तर एक गुंठ्याच्या बोगद्यावर पावणेपाच टनांची होते. सांगाड्याचं वजन त्यापुढे काहीच नाही. दोन्ही बाजूंना मिळून १२ ठिकाणी बांधलं, तरी एकेका जागेवर ४०० किलोंची ओढ येते. वादळं येतात ती एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे काळ्या मातीला सर्वांत मोठ्या भेगा असतात तेव्हाच. दीड फूट ठोकलेली खुंटी त्या वेळी हातानं उपटून निघते. म्हणून तिन्ही तुकड्यांवर कायमचे नांगर हवेत. चार फूट खोल खड्डा, तळाशी आडवी पट्टी जोडलेला पाईप, भोवती मुरूम आणि काँक्रीट, वर कडी. बोगदा जागेवर आला, की पहिलं काम पट्टे कसण्याचं, मग बाकी सगळं. उन्हाळ्यात वर जाळी असावी हे मी सावलीसाठी सांगितलं, पण जाळीतून वारा निघून जातो हा तिचा दुसरा मोठा फायदा आहे. प्लास्टिक झिगझॅग स्प्रिंगनं बसवलेलं असेल, तर हवामानाचा इशारा आल्यावर ते तासाभरात उतरवता येतं. वादळात सांगाडा वाचला पाहिजे, प्लास्टिक पुन्हा घेता येतं.

खर्चाचं काय? एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मापदंडांत पाईपच्या शेडनेटचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये आणि उभं राहून चालता येईल अशा बोगद्याचा ६०० रुपये धरला होता, आणि त्याच्या निम्मं अनुदान होतं. आज लोखंडाचे भाव बदलले आहेत आणि रूळ, चाकं, नांगर यांचा खर्च वेगळा. अनुदान घ्यायचं असेल तर सरकता आराखडा मापदंडात बसतो का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना आधी विचारा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक पाईपही विकत घेऊ नका.

सगळ्यांनी चाकं लावावीत असं माझं म्हणणं नाही. बुलढाण्याच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे हातानं परागीकरण करायचं असतं आणि बाहेरचा कीटक आत येऊ द्यायचा नसतो, म्हणून १० ते २० गुंठ्यांची बंद, पक्की शेडनेटच योग्य. जाळीतून पाऊस मातीवर पडतोच, त्यामुळे क्षारांचा प्रश्न तिथे इतका तीव्र होत नाही. चिखलदऱ्याजवळ मोथ्यासारख्या गावांत स्ट्रॉबेरी होते. तिथल्या थंडीत आणि उतारावर रूळ टाकण्यापेक्षा वाफ्यावरचे लहान प्लास्टिक बोगदे सोपे. सरकता बोगदा खरा कामाचा आहे तो ज्याच्याकडे शेततळ्याचं थोडं पाणी आहे, गावाजवळ बाजार आहे, घरातली दोन माणसं भाजीत राबतात आणि जमीन खारवट किंवा भारी काळी आहे, त्याला. तीन-चार एकर कपाशी, तूर करणाऱ्या कुटुंबाला तीन गुंठे भाजी आणि रोपं दर आठवड्याला हातात रोख पैसे देऊ शकतात. पऱ्हाटीचे पैसे वर्षातून एकदाच येतात.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर इथे, अकोला जिल्ह्यात सिसा-उदेगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावात, शेततळ्याच्या काठी, एक गुंठ्याचा सरकता बोगदा तीन वर्षं चालवून दर मे आणि ऑक्टोबरमध्ये मातीची विद्युतवाहकता मोजावी आणि शेजारच्या पक्क्या पॉलिहाऊसशी ती ताडून शेतकऱ्यांपुढे ठेवावी, अशी या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. आणि जो शेतकरी स्वतःच करून पाहणार असेल, त्यानं वेल्डरकडे जाण्याआधी दोन नमुने तपासून घ्यावेत, एक मातीचा आणि एक पाण्याचा. पाण्याची वाहकता २ च्या वर आली, तर बोगद्याचे पैसे आधी शेततळ्यात घालावेत.